गादीच्या वाटेवरची तरुण पिढी

जून २०२१मध्ये नेदरलंड्सचे पंतप्रधान मार्क रुटे यांना हाताने लिहिलेले एक पत्र मिळाले. लिहिणारी सतरा वर्षांची होती, नुकतीच शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेली. डिसेंबरात तिला अठरा वर्षे पूर्ण होणार होती आणि त्या दिवसापासून सरकारी खजिन्यातून तिला वर्षाकाठी सुमारे १६ लाख युरोंचा तनखा सुरू होणार होता. तिने कळवले की मी अजून शिकते आहे, या पैशांच्या बदल्यात मी फारसे काही करू शकत नाही, आणि करोनाच्या काळात इतर विद्यार्थी हाल सोसत असताना ही रक्कम घेणे मला पटत नाही. वैयक्तिक उत्पन्नाचा सुमारे ३ लाख युरोंचा भाग ती परत करणार होती. उरलेली खर्चाची रक्कमही, राजघराण्याचे काम अंगावर येऊन खरोखर खर्च वाढेपर्यंत, ती मागणार नव्हती.

ही मुलगी म्हणजे ऑरेंजची राजकन्या कॅथरिना-अमालिया, राजे विलेम-अलेक्झांडर यांची थोरली लेक आणि डच गादीची वारस. पत्र तसे छोटेच. पण युरोपातल्या राजवारसांच्या आजच्या पिढीकडे पाहायचे तर सुरुवात तिथूनच करावी. आपल्याला जन्माने काय मिळाले आहे याचा हिशेब जनतेला द्यावा लागतो, हे या पिढीला कळते. आणि थोडे थांबू द्या, अशी मागणीही ती करते.

युरोपात आज वंशपरंपरेने चालणाऱ्या दहा गाद्या आहेत. ब्रिटन, स्पेन, नेदरलंड्स, बेल्जियम, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन ही सात राज्ये, लक्झेंबर्गची ग्रँड डची, आणि मोनॅको व लिख्टेनस्टाइन ही दोन छोटी संस्थाने. यांपैकी बहुतेक ठिकाणी राजाच्या किंवा युवराजाच्या मागे एक तरुण चेहरा उभा आहे. १७ जून २०२२ रोजी ऑस्लोच्या राजवाड्यात नॉर्वेच्या इंग्रिड अलेक्झांड्राच्या अठराव्या वाढदिवसाची मेजवानी झाली. तिथल्या एका छायाचित्रात पाच भावी राज्यकर्ते एकत्र दिसतात: इंग्रिड अलेक्झांड्रा, डच अमालिया, बेल्जियमची एलिझाबेथ, स्वीडनची दहा वर्षांची एस्टेल आणि लक्झेंबर्गचा दोन वर्षांचा शार्ल. पाचांपैकी चार मुली. त्यांच्या पणजोबांच्या काळात असे छायाचित्र निघणे शक्यच नव्हते.

हा बदल कायद्याने घडला आहे, आणि त्याची सुरुवात स्वीडनमध्ये झाली. १३ मे १९७९ रोजी राजे कार्ल सोळावे गुस्ताफ यांना मुलगा झाला, कार्ल फिलिप. त्या वेळच्या नियमाने तो जन्मतःच युवराज ठरला. पण थोरले अपत्य मुलगा असो वा मुलगी, गादी त्याचीच, असा नवा कायदा १ जानेवारी १९८० पासून लागू झाला आणि अडीच वर्षांची बहीण व्हिक्टोरिया वारस बनली. सात महिन्यांच्या बाळाचे युवराजपद गेले. राजांना स्वतःला हे आवडले नव्हते आणि त्यांनी ते लपवलेही नाही. त्यानंतर नेदरलंड्सने १९८३मध्ये, नॉर्वेने १९९०मध्ये, बेल्जियमने १९९१मध्ये हाच मार्ग धरला. डेन्मार्कने २००९मध्ये सार्वमत घेतले, लक्झेंबर्गने २०११मध्ये नियम बदलला. ब्रिटनचा कायदा २०१३चा. तो २०१५च्या मार्चमध्ये अमलात आला, त्यामुळे राजकन्या शार्लटचा क्रम धाकटा भाऊ लुई याच्या जन्माने खाली गेला नाही. नॉर्वेने मात्र आधी जन्मलेल्यांना हात लावला नाही. म्हणून आज तिथे युवराज हाकोन आहे, त्याची थोरली बहीण मार्था लुईस नाही. पुढच्या पिढीत इंग्रिड अलेक्झांड्रा धाकट्या भावाच्या आधी येते.

उरलेल्या ठिकाणी जुना नियम टिकून आहे. मोनॅकोत १० डिसेंबर २०१४ रोजी जुळी झाली. गॅब्रिएला दोन मिनिटांनी मोठी, तरी वारस झाला तो जॅक. लिख्टेनस्टाइनमध्ये तर मुलींना गादीचा हक्कच नाही. स्पेनची गोष्ट या सगळ्यांत चमत्कारिक. १९७८च्या राज्यघटनेचे ५७वे कलम आजही मुलाला मुलीच्या आधी ठेवते. लेओनोर वारस आहे ती तिला भाऊ नाही म्हणून. हे कलम बदलावे असे म्हणणारे अनेक पक्षांत आहेत. पण राजसत्तेविषयीची कलमे बदलायची तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते हवीत, मग संसद विसर्जित करून निवडणूक घ्यायची, नव्या संसदेत पुन्हा दोन तृतीयांश मते मिळवायची आणि शेवटी सार्वमत. त्या सार्वमतात लोक मुलींच्या हक्कापेक्षा राजसत्ता हवी की नको याचाच कौल देतील, ही भीती माद्रिदच्या राजकारण्यांना वाटते. तेव्हा आधुनिक, सुशिक्षित, तीनही सैन्यदलांत शिकलेली ही तरुणी एका कालबाह्य कलमाच्या आधाराने आणि केवळ योगायोगाने वारस आहे. हे लाजिरवाणे आहे, आणि ते बदलण्याचे धैर्य एखाद्या सरकारने दाखवायला हवे.

लेओनोरचे आयुष्य सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण वारस घडवण्याची स्पेनची पद्धत सर्वांत आखीव आहे. तिचा जन्म ३१ ऑक्टोबर २००५चा. आजोबा हुआन कार्लोस यांनी पदत्याग केला आणि १९ जून २०१४ रोजी वडील फेलिपे सहावे राजे झाले, तेव्हा ती आठ वर्षांची होती. त्या दिवसापासून ती अस्तुरियासची राजकन्या. तेराव्या वाढदिवशी तिने माद्रिदमध्ये राज्यघटनेचे पहिले कलम वाचून दाखवले. ते तिचे पहिले जाहीर बोलणे. पुढच्या वर्षी ओव्हिएदोच्या पुरस्कार समारंभात पहिले भाषण. मग दोन वर्षे वेल्समधल्या अ‍ॅटलांटिक कॉलेजात, आणि ऑगस्ट २०२३मध्ये सारागोसाच्या लष्करी अकादमीत. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला, अठरा पूर्ण होताच, तिने संसदेपुढे राज्यघटनेची शपथ घेतली. तिच्या वडिलांनी हीच शपथ ३० जानेवारी १९८६ रोजी घेतली होती. तिच्या शपथविधीला युनिदास पोदेमोसचे तीन मंत्री आले नाहीत. कातालोनिया आणि बास्क प्रदेशांतल्या राष्ट्रवादी पक्षांनीही पाठ फिरवली. अठराव्या वाढदिवशी आपल्याच देशाच्या संसदेत रिकामी बाके दिसणे हा या नोकरीचा पहिला धडा असावा.

सारागोसानंतर मारीनची नौदल शाळा, तिथून जानेवारी २०२५मध्ये कादिझच्या बंदरातून ‘हुआन सेबास्तियन दे एल्कानो’ या शिडाच्या प्रशिक्षण जहाजावर अमेरिका खंडाचा प्रवास, आणि मग सान हाविएरची हवाई अकादमी. हा क्रम नवा नाही. पन्नाशीच्या दशकात हुआन कार्लोस याच तीन अकादम्यांतून गेले होते, ऐंशीच्या दशकात फेलिपे गेले.

आजोबांचे बालपण मात्र अगदी वेगळे होते. हुआन कार्लोस १९३८मध्ये रोममध्ये, परागंदा कुटुंबात जन्मले. वडील डॉन हुआन आणि हुकूमशहा फ्रँको यांच्यात समझोता झाला आणि नोव्हेंबर १९४८मध्ये दहा वर्षांच्या या मुलाला एकट्याला स्पेनला पाठवण्यात आले. वडील पोर्तुगालात, मुलगा फ्रँकोच्या नजरेखाली. काय शिकायचे, कुठे शिकायचे हे दोन मोठी माणसे पत्रांतून ठरवत होती आणि त्या प्रत्येक निर्णयामागे राजकारण होते. १९६९मध्ये फ्रँकोने वडिलांना वगळून मुलालाच उत्तराधिकारी नेमले. १९७५मध्ये राजे झाल्यावर त्यांनी देश लोकशाहीकडे नेला हे खरे. पण ज्या बालपणातून हा राजा घडला ते कोणाही मुलाच्या वाट्याला येऊ नये. आज लेओनोरची शाळा आईवडील निवडतात, अ‍ॅटलांटिक कॉलेजची फीही त्यांनी स्वतःच्या पैशांतून भरली. एका घराण्यात दोन पिढ्यांत पडलेला हा फरक मोठा आहे.

अ‍ॅटलांटिक कॉलेज हे या मंडळींचे जणू समान माहेर. वेल्सच्या किनाऱ्यावर सेंट डोनॅट्सच्या जुन्या किल्ल्यात १९६२ साली सुरू झालेल्या या निवासी शाळेत जगभरातली मुले येतात, त्यांतली बरीच शिष्यवृत्तीवर. विलेम-अलेक्झांडर तिथे शिकले, बेल्जियमची एलिझाबेथ शिकली, मग लेओनोर आणि तिची धाकटी बहीण सोफिया. राजवाड्याच्या बाहेर, आपल्या देशाच्याही बाहेर, जिथे आडनावाला फारशी किंमत नाही अशी दोन वर्षे मुलांना मिळावीत असे पालकांना वाटते. ते समजण्यासारखे आहे.

पण नामवंत शाळा म्हणजे सुरक्षित शाळा, असे नसते. डेन्मार्कचा क्रिस्टियन २०२१मध्ये हर्लुफ्सहोम या १५६५ साली स्थापन झालेल्या निवासी शाळेत गेला. २०२२च्या मे महिन्यात तिथल्या मारहाणीचे आणि छळाचे प्रकार एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या माहितीपटाने उघड केले. देशभर प्रश्न एकच: युवराजाचा मुलगा तिथे राहणार का? आईवडिलांनी काही आठवडे विचार केला आणि जूनअखेर त्याला काढून घेतले. धाकट्या इसाबेलाचा तिथला प्रवेशही रद्द केला. क्रिस्टियनने पुढचे शिक्षण घराजवळच्या ऑर्ड्रुपच्या शाळेत पूर्ण केले. एरवी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची शाळा बदलणे ही घरातली गोष्ट. इथे ती राष्ट्रीय चर्चा होऊन बसली. क्रिस्टियन तिथेच राहिला असता तर ते शाळेला पाठिंबा दिल्यासारखे झाले असते, गेला तर शाळेच्या दोषावर शिक्कामोर्तब. मुलाचे मन काय म्हणत होते, हे त्या गदारोळात कोणी विचारले असेल तर घरच्यांनीच.

शाळेनंतर बराक. राजा बहुतेक देशांत सैन्याचा औपचारिक प्रमुख असतो, त्यामुळे गणवेश हा वारसाच्या शिक्षणाचा भाग ठरला आहे. पूर्वी तो मुलांपुरता होता. आता मुलींनाही तोच मार्ग आहे. एलिझाबेथने २०२०-२१मध्ये ब्रुसेल्सच्या रॉयल मिलिटरी अकादमीत एक वर्ष काढले. क्रिस्टियन २०२५च्या फेब्रुवारीत स्लागेल्सेच्या गार्ड हुसार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. नॉर्वेत सक्तीची सैनिकी सेवा मुलींनाही लागू आहे, आणि इंग्रिड अलेक्झांड्राने जानेवारी २०२४पासून सुमारे पंधरा महिने देशाच्या अतिउत्तरेला, शोल्ड इथल्या अभियंता बटालियनमध्ये, चिलखती वाहनावर तोफचालक म्हणून काम केले. या देशाची रशियाशी सरहद्द आहे आणि युक्रेनमध्ये युद्ध सुरू आहे, हे लक्षात घेतले की त्या पंधरा महिन्यांचे वजन कळते. नॉर्वेतल्या हजारो कुटुंबांच्या मुली त्याच थंडीत तेच काम करत होत्या. राजघराण्याविषयी आपलेपणा वाटण्याचे एवढे सरळ कारण दुसऱ्या कुठल्या समारंभाने मिळाले नसते.

मग विद्यापीठ. इंग्रिड अलेक्झांड्रा २०२५मध्ये सिडनीला गेली, आंतरराष्ट्रीय संबंध आणि राजकीय अर्थशास्त्र शिकायला. एलिझाबेथने ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजातून इतिहास आणि राजकारण घेऊन पदवी मिळवली, आणि २०२४मध्ये हार्वर्डला सार्वजनिक धोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रवेश घेतला. २०२५च्या मे महिन्यात अमेरिकी सरकारने हार्वर्डला परदेशी विद्यार्थी घेण्यास मनाई केली, तेव्हा बेल्जियमच्या भावी राणीचेही दुसरे वर्ष धोक्यात आले. न्यायालयाने तो आदेश रोखला. व्हिसाची ती धास्ती पुण्या-मुंबईहून तिथे गेलेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईबापांनीही त्या आठवड्यांत भोगली आहे.

घरापासून दूर जाण्याचा मोह सगळ्यांना का होतो, याचे उत्तर अमालियाच्या हकिगतीत सापडते. सप्टेंबर २०२२मध्ये तिने अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात राजकारण, मानसशास्त्र, कायदा आणि अर्थशास्त्र यांचा एकत्रित अभ्यासक्रम निवडला आणि इतर विद्यार्थिनींबरोबर शहरात राहायला गेली. काही आठवड्यांतच संघटित गुन्हेगारी टोळ्यांकडून तिला धोका असल्याचे समोर आले. तिला हेगच्या राजवाड्यात परत यावे लागले. बंदोबस्तात वर्गात जायचे, वर्ग संपला की परत. ऑक्टोबरात स्वीडनच्या दौऱ्यावर असताना राणी माक्सिमा याविषयी बोलल्या. मुलीला घराबाहेर पडता येत नाही, इतर विद्यार्थ्यांसारखे आयुष्य तिला उरलेले नाही, हे सांगताना आईचा गळा दाटून आला होता. त्यानंतरचा काही काळ अमालिया माद्रिदमध्ये राहून शिकत होती. ही गोष्ट एप्रिल २०२४मध्ये, स्पेनचे राजे नेदरलंड्सच्या भेटीवर आले तेव्हा, जगाला कळली. एवढा काळ ती कुणीही फोडली नाही, याबद्दल माद्रिदच्या लोकांचे आभार मानायला हवेत. तिनेही ते मानले. शहराला ट्युलिपचे ताटवे भेट दिले.

लेओनोरच्या वाट्याला दुसऱ्या जातीचा उपद्रव आला. जहाज चिलीच्या दक्षिण टोकाला पुंता अरेनास इथे थांबले असताना ती सोबत्यांबरोबर एका मॉलमध्ये गेली, आणि तिथल्या सुरक्षा कॅमेऱ्यांची दृश्ये प्रसारमाध्यमांत झळकली. स्पेनच्या वकिलातीला तिथे कायदेशीर कारवाई करावी लागली. बंदरात उतरलेल्या तिच्या बरोबरीच्या मुलामुलींनी जे केले तेच तिने केले होते.

या सगळ्याचा मनावर काय परिणाम होतो, हे राजघराण्यांनी दीर्घकाळ दडवून ठेवले. नोव्हेंबर १९९७मध्ये स्वीडनच्या राजदरबाराने वीस वर्षांच्या व्हिक्टोरियाला खाण्याच्या विकाराने ग्रासल्याचे जाहीर केले, तेव्हा तो मोठा धक्का होता. ती काही काळ अमेरिकेत जाऊन राहिली, तिथे ओळखणारे कमी होते, आणि उपचार घेऊन परतली. पुढे ती स्वतः या आजाराविषयी मोकळेपणाने बोलत आली आहे. तिच्या त्या बोलण्याने पुढच्या मुलींचा रस्ता थोडा सोपा झाला. क्लौडिया दे ब्रेय या डच लेखिकेने नोव्हेंबर २०२१मध्ये अमालियावर पुस्तक लिहिले, त्यात अमालियाने आपण समुपदेशकाची मदत घेतो हे सहज सांगून टाकले.

त्याच पुस्तकात तिने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि या सबंध विषयात ती सर्वांत महत्त्वाची आहे. वडिलांचे आत्ता काही बरेवाईट झाले तर मी आईला काही काळ सूत्रे हाती घ्यायला सांगेन, मी अजून तयार नाही, असे ती म्हणाली. वारसाने असे बोलणे जुन्या दरबारात बंडच मानले गेले असते. पण डच राज्यघटनेत राजाला राजाधिकाराचा वापर तात्पुरता बाजूला ठेवण्याची सोय आहे. सतरा वर्षांच्या मुलीने ती सोय ओळखली आणि उघड बोलून दाखवली, यात कच खाणे नाही. आपली कुवत प्रामाणिकपणे मोजणारा माणूसच पुढे मोठे ओझे नीट उचलतो. ज्या राज्यात वारसाला ‘अजून नको’ म्हणता येते, ते राज्य आपल्या मुलांशी माणुसकीने वागते.

तरीही वेळ कोणाच्या हाती नसते. कार्ल गुस्ताफ नऊ महिन्यांचे असताना वडील विमान अपघातात गेले. १९७३मध्ये आजोबांच्या मृत्यूनंतर ते सत्ताविसाव्या वर्षी राजे झाले. डेन्मार्कच्या मार्गरेट एकतिसाव्या वर्षी राणी झाल्या. दुसऱ्या टोकाला ब्रिटनचे चार्ल्स. वयाच्या तिसऱ्या वर्षी ते वारस झाले आणि त्र्याहत्तराव्या वर्षी राजे. सत्तर वर्षांच्या या उमेदवारीत त्यांनी २००३मध्ये मुंबईत चर्चगेटला डबेवाल्यांची भेट घेतली होती. २००५च्या त्यांच्या लग्नाचे आमंत्रण डबेवाल्यांना गेले आणि त्यांचे प्रतिनिधी लंडनला जाऊन आले.

चार्ल्स यांच्या आधीच्या एका वारसाची महाराष्ट्रातली आठवण इतकी गोड नाही. प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड १७ नोव्हेंबर १९२१ रोजी अपोलो बंदरावर उतरला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता, शहरात परदेशी कापडाची होळी झाली, आणि मग उसळलेल्या दंगलीत पन्नासहून अधिक माणसे मेली. दोन दिवसांनी त्याच एडवर्डच्या हस्ते पुण्यात, छत्रपती शाहू महाराजांच्या पुढाकाराने, शिवस्मारकाची कोनशिला बसली. साम्राज्याने आपला तरुण वारस प्रदर्शनासाठी जगभर फिरवावा, त्याच्या स्वागतासाठी इतरांचे रक्त सांडावे, आणि त्याला स्वतःला हे आयुष्य नको आहे हे कोणी ऐकून घेऊ नये, असा तो काळ. १९३६मध्ये राजा होऊन वर्षही पुरे होण्याआधी त्याने गादी सोडली.

युरोपच्या मुख्य भूमीवर आता पदत्याग ही कलंकाची गोष्ट राहिलेली नाही. नेदरलंड्सच्या बेआट्रिक्स आणि बेल्जियमचे आल्बेर २०१३मध्ये, हुआन कार्लोस २०१४मध्ये, मार्गरेट जानेवारी २०२४मध्ये, लक्झेंबर्गचे आँरी ऑक्टोबर २०२५मध्ये पायउतार झाले. त्यामुळे विलेम-अलेक्झांडर आणि फेलिपे सेहेचाळिसाव्या वर्षी, लक्झेंबर्गचे गिलोम त्रेचाळिसाव्या वर्षी गादीवर आले. वारसाला स्वतःचे घर, काम, मुलेबाळे असे सगळे घडून झाल्यावर राज्य हाती यावे, हा यातला शहाणपणा आहे. मुलांना लहानपण पुरते मिळावे म्हणून घराणी इतर मार्गांनीही आपला पसारा आवरत आहेत. डेन्मार्कमध्ये २०१६मध्येच ठरले की मार्गरेट यांचे पुत्र फ्रेडरिक यांच्या चार मुलांपैकी एकट्या क्रिस्टियनला पुढे तनखा मिळेल. स्वीडनच्या राजांनी २०१९मध्ये पाच नातवंडांना राजघराण्याच्या औपचारिक कर्तव्यांतून मोकळे केले.

वारसांना स्वतःला मोकळे व्हायचे असेल तर? कायदे तेही शक्य ठेवतात, पण अवघड करून. अमालियाचे काका फ्रिसो यांनी २००४मध्ये संसदेच्या संमतीविना लग्न केले आणि वारसाहक्क गमावला. ऑक्टोबर २०२१मध्ये रुटे यांनी संसदेला कळवले की वारसाने समलिंगी विवाह केला तरी गादी सोडावी लागणार नाही. मात्र अशा लग्नातल्या मुलांच्या वारसाहक्काचा प्रश्न त्यांनी पुढच्यासाठी राखून ठेवला. म्हणजे कोणाशी संसार करायचा हा प्रश्न आजही संसदेच्या पटावर आहे, आणि तोही अमालियाने त्याविषयी काही विचारलेले नसताना. या मुलांना मत देण्याचे, पक्ष निवडण्याचे, रागाने काही लिहून टाकण्याचे स्वातंत्र्य व्यवहारात नाही. ते त्यांच्याकडून जन्माबरोबर काढून घेतले जाते. निदान शाळा, मैत्री, प्रेम आणि तयारीचा वेग एवढे त्यांचे त्यांच्याकडे राहू द्यावे, इतकी उदारता राज्यांनी दाखवायला हरकत नाही.

लक्झेंबर्गमध्ये हा प्रश्न आत्ता कुठे सुरू होतो आहे. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी वडील ग्रँड ड्यूक झाले आणि शार्ल पाचव्या वर्षी वारस बनला. लंडनमध्ये, शार्लटचा थोरला भाऊ जॉर्ज याची शाळा कोणती, यावर वृत्तपत्रे आतापासूनच रकाने भरत आहेत. एस्टेल किशोरवयात आली आहे, तिच्या आईला, व्हिक्टोरियाला, ज्या वयात सर्वाधिक त्रास झाला त्या वयाच्या दिशेने. या तिघांच्या आईवडिलांनी आपल्या आधीच्या पिढ्यांचे हाल जवळून पाहिलेले आहेत. कॅमेरे किती जवळ येऊ द्यायचे आणि पहिले भाषण कोणत्या वर्षी, हे निर्णय यापुढची दहा-बारा वर्षे त्यांना घ्यायचे आहेत.